धूप, बंधारा आणि लेखाशीर्ष

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोकणच्या किनाऱ्याने प्रवास करणाऱ्या माणसाच्या नजरेस गेल्या काही दशकांत एक नवे दृश्य वारंवार पडू लागले आहे. गावाच्या शेवटच्या माडबागेपुढे, जेथे पूर्वी पुळणीचा उतार मर्यादावेलीच्या जाळ्यातून सुटून सावकाश पाण्यात विरत असे, तेथे आता काळ्या दगडांची तिरपी रास उभी असते. तिच्या माथ्यावर कोठे सिमेंटचा कठडा असतो, पायथ्याशी कोठे टेट्रापॉडचे चौपायी ठोकळे पसरलेले असतात, आणि सरकारदप्तरी तिची नोंद ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ अशी झालेली असते. या बंधाऱ्याची उंची, त्याचा उतार, त्यातील दगडाचे वजन या गोष्टी लाटांच्या अभ्यासावरून ठरतात, आणि त्या अभ्यासाची आपल्याकडे वाण नाही. १९१६ साली मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या एका लहानशा शाखेच्या रूपाने सुरू केलेली आणि पुढे खडकवासल्यास स्थिरावलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था सागरी बांधकामांच्या प्रतिकृती हौदांत उभारून त्यांची परीक्षा कित्येक वर्षे करीत आली आहे. परंतु बंधारा बांधावा, की आणखी काही करावे, की काहीच करू नये, हा जो मूळचा प्रश्न, तो प्रतिकृतीच्या हौदापर्यंत पोचण्याआधीच निकालात निघालेला असतो. तो निकाल अर्थसंकल्पातील लेखाशीर्ष देते. ज्या शीर्षाखाली पैसा असेल तेच काम निघते, आणि किनाऱ्याच्या बाबतीत पैसा असतो तो बांधकामाच्या शीर्षाखाली.

मला येथे प्रतिपादन करावयाचे आहे ते असे की, जे अनुदान बांधकामाला पैसा देते आणि निगेला देत नाही, गावाची हद्द ओळखते आणि वाळूची वाट ओळखत नाही, ते किनारा राखण्याच्या शुद्ध हेतूने दिलेले असले तरी काही वर्षांच्या अंतराने धूप वाढविण्यासच हातभार लावते. हे विधान अनुदानाविरुद्ध नाही. किनाऱ्यावरील लहान गावाची, तेथील ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या वसुलीची ज्याला कल्पना आहे, तो अशा गावाने समुद्राशी स्वखर्चाने झगडावे असे म्हणावयास धजणार नाही. वाद आहे तो अनुदानाच्या घडणीविषयी.

ही घडण समजून घेण्याआधी पुळण म्हणजे काय वस्तू आहे याचा थोडा विचार केला पाहिजे. महसुली दृष्टीला ती स्थावर वाटते, कारण तिला लांबी-रुंदी आहे आणि नकाशावर ती दाखविता येते. प्रत्यक्षात तिच्याइतकी जंगम मिळकत दुसरी नसेल. ज्येष्ठ-आषाढाच्या उधाणात समुद्र पुळण खरवडून काढतो, ती थोड्या अंतरावर पाण्याखाली दांड्याच्या रूपाने नेऊन ठेवतो, आणि पाऊस सरल्यावर लांबून येणाऱ्या सौम्य लाटांच्या हाताने तिच्यातील बरीचशी वाळू माघारी आणून टाकतो. कोळ्यांच्या वस्तीतील कोणाही म्हाताऱ्या माणसाला ही देवघेव ठाऊक असते व समुद्राने आषाढात नेलेल्या वाळूबद्दल तो कार्तिकापर्यंत बोंब मारीत नाही. याशिवाय वाळूची दुसरी एक चाल आहे, ती किनाऱ्याला समांतर. नद्या डोंगरातून जी वाळू आणतात ती खाडीच्या मुखातून बाहेर पडून लाटांच्या तिरप्या माऱ्याने एका गावापुढून दुसऱ्या गावापुढे सरकत असते. म्हणजे एका गावची पुळण ही दुसऱ्या गावच्या पुळणीची पुढील काळातील शिल्लक असते. या वाटेत कोणी आडवा बांध घातला तर काय होते याचे उदाहरण शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या डोळ्यांसमोर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या बंदराचे बांध समुद्रात घातले गेले, आणि तेथील वाळूची निव्वळ वाटचाल दक्षिणेकडून उत्तरेकडे असल्यामुळे बंदराच्या दक्षिणेस मरीनाची विख्यात पुळण रुंदावत गेली, तर उत्तरेस रॉयपुरमच्या बाजूची जमीन समुद्र खात गेला. एवढे उदाहरण डोळ्यांपुढे असता १९८० नंतरच्या दशकात पुदुच्चेरीला नव्या बंदराचे बांध घातले गेले व शहरापुढची पुळण अल्पकाळात नाहीशी झाली. मग दगडांची भिंत आली. भिंतीच्या उत्तर टोकापलीकडच्या कोळ्यांच्या गावांपुढे धूप सुरू झाली. म्हणून भिंत आणखी उत्तरेस वाढवावी लागली. पुढे २०१८-१९ च्या सुमारास राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा एक अडसर बसवून आणि वाळू भरून शहरापुढचा पुळणीचा एक तुकडा परत मिळविला. शहराला पुळण मिळाली ही आनंदाची गोष्ट. उत्तरेकडच्या गावांच्या वाट्याला दगड आले.

भिंतीच्या टोकाकडची ही धूप अपघाताने होत नाही. लाट उतरत्या वाळूवर चढते तेव्हा तिचे बळ वाळूत जिरते. तीच लाट दगडावर आपटते तेव्हा ते बळ माघारी फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरून नेते. पायथा उघडा पडला की दगड खाली बसतात, माथा खचतो, आणि पाच-सात पावसाळ्यांनी ज्या बंधाऱ्याचा उद्घाटनाचा फलक अजून वाचता येतो त्याच्यावरून उधाणाचे पाणी पुन्हा बागेत शिरू लागते. केरळ राज्याने १९६० नंतर आपल्या जवळजवळ निम्म्या किनाऱ्यावर अशा भिंती उभारल्या. त्यांची डागडुजी हे तेथील पाटबंधारे खात्याचे न संपणारे काम होऊन बसले आहे, आणि तरीही समुद्र घरात शिरल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात तेथूनच अधिक येतात.

आता अनुदानाची घडण पाहू. आषाढात समुद्र माडबागेत शिरतो. तलाठी पंचनामा करतो. लोकप्रतिनिधी पाहणी करतात व मागणीचे पत्र जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. पत्तन अभियंत्याच्या कचेरीतून अंदाजपत्रक तयार होते, आणि ते अंदाजपत्रक धावत्या मीटरच्या हिशेबाने असते, कारण दरसूची त्या हिशेबाने आहे. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभाचा आदेश. या सोपानाच्या पायऱ्या चढता चढता माघ-फाल्गुन उजाडतो, म्हणजे समुद्राने नेलेली वाळू बऱ्याच अंशी परत आणून टाकलेली असते अशा ऋतूत, परत आलेल्या पुळणीवर दगड ओतण्यास प्रारंभ होतो. ३१ मार्च ही तारीख डोक्यावर असते. त्या दिवशी जो पैसा खर्ची पडलेला नसेल तो व्यपगत होणार, म्हणून जेथे दीडशे मीटरची धूप असेल तेथे मंजुरी शंभर मीटरची असली तर शंभर मीटर बांधून काम थांबते, आणि मंजुरी दोनशे मीटरची असली तर धूप नसलेल्या पन्नास मीटरांवरही दगड पडतात. बंधाऱ्याच्या टोकाशी पुढील वर्षी धूप होणार हे त्या कामावरच्या कनिष्ठ अभियंत्यालाही ठाऊक असते. पण त्या टोकापलीकडे दुसऱ्या ग्रामपंचायतीची हद्द लागते आणि तिची मागणी अजून आलेली नसते. ती पुढच्या पावसाळ्यानंतर येते. अशा रीतीने एका कामातून दुसऱ्या कामाची निकड उत्पन्न होते, आणि प्रत्येक काम आपापल्या धारिकेत निर्दोष असते. उपयोगिता प्रमाणपत्र कोणालाही तपासून पाहावे. त्यात खोट सापडणार नाही.

या व्यवस्थेत कोणी एक माणूस दोषी आहे असे मला वाटत नाही. ठेकेदारांच्या लोभाची जी चर्चा गावोगाव चालते ती सर्वस्वी खोटी नसेल, परंतु उद्या सर्व ठेकेदार साधुसंत झाले तरी बंधारे तसेच व तेथेच बांधले जातील, कारण प्रश्न पैशाच्या साच्याचा आहे. आणि हा साचा एकट्या आपल्या देशाने तयार केलेला नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३० साली किनाऱ्याच्या धुपेचा अभ्यास करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले, आणि १९४६ च्या कायद्याने तेथील मध्यवर्ती सरकारने सार्वजनिक मालकीच्या किनाऱ्याच्या संरक्षणास साहाय्य करण्याचे प्रथमच पत्करले. हे साहाय्य बांधकाम-खर्चाच्या एकतृतीयांशापर्यंत होते. देखभालीचा खर्च त्यातून कटाक्षाने वगळलेला होता. त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. मध्यवर्ती तिजोरीने एकदा हात द्यावा, पुढे ज्याचा किनारा त्याने तो सांभाळावा, यात एक प्रकारचा न्याय दिसतो. भारत सरकारनेही १९६६ साली किनाऱ्याच्या धुपेसाठी मंडळ नेमले, तेही आरंभी केरळच्या प्रश्नासाठी. १९९५ साली त्याच्या जागी आजची किनारा संरक्षण व विकास सल्लागार समिती आली. नावे बदलली, कार्यक्षेत्र विस्तारले, पण ‘उभारणी वरच्या सरकारने करावी, सांभाळ खालच्याने करावा’ हे सूत्र टिकले. त्यातील वैगुण्य असे की, ज्याला सांभाळ करावयाचा आहे त्याच्याजवळ सांभाळण्यास पैसा नसेल, तर बांधकाम मोडकळीस येऊ देणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग ठरतो, कारण मोडकळीस आलेल्या बंधाऱ्याची नवी उभारणी पुन्हा वरच्या सरकारच्या खर्चाने होते, आणि डागडुजी मात्र त्याच्या स्वतःच्या खर्चाने.

येथे आकड्यांचा थोडा आधार घेतला पाहिजे. राष्ट्रीय किनारपट्टी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून जो अभ्यास केला त्यात देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धुपेखाली असल्याचे आढळले. महाराष्ट्राचे प्रमाण त्या मानाने कमी, म्हणजे सुमारे २५.५ टक्के आहे; लांबीत सांगावयाचे तर तो जवळजवळ १८८ किलोमीटर होतो. आता केरळात कोचीजवळ चेल्लानम येथे टेट्रापॉडची जी अद्ययावत भिंत नुकतीच झाली तिची योजना ३४४ कोटी रुपयांची व लांबी सव्वासात किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे सत्तेचाळीस कोटी. या दराने महाराष्ट्राच्या धुपणाऱ्या किनाऱ्याला पावणेनऊ हजार कोटींहून अधिक रक्कम लागेल. साधा दगडी बंधारा याहून पुष्कळ स्वस्त पडतो हे मान्य. तो चौथ्या हिश्श्यात होतो असे धरले तरी दोन हजार कोटींच्या वर आकडा जातो. उलट बाजूस, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीतून धूप रोखण्याच्या उपायांकरिता अखिल देशास, आणि त्यात ब्रह्मपुत्रेसारख्या नद्यांच्या काठांची धूपही आली, १,५०० कोटी रुपये सुचविले. तेवढ्यात चेल्लानमसारखी भिंत जेमतेम बत्तीस किलोमीटर होईल. ही रक्कम अपुरी आहे अशी ओरड करणे सोपे आहे, आणि ती अपुरी आहेही; पण त्या आकड्यांतून मला निराळाच बोध होतो. बंधाऱ्याने किनारा राखणे हे धोरण सर्वत्र अमलात आणण्याजोगे नाही हे ते धोरण चालविणाऱ्यांनाही ठाऊक आहे, आणि म्हणून प्रत्यक्षात बंधारा कोणाला मिळतो हे धुपेच्या तीव्रतेवर अवलंबून न राहता मागणीच्या जोरावर अवलंबून राहते.

पूर्वी कोकणात हा प्रश्न कसा सोडविला जाई, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वीचे सारे चांगले होते असे मानण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. आजच्या रायगड, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात, शिलोत्री नावाची वहिवाट होती. ज्या पुरुषाने खाडीकाठची खाजण जमीन बांध घालून भातासाठी बंदिस्त केली तो शिलोत्रीदार. बाहेरचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी त्याच्यावर, आणि त्या जबाबदारीबद्दल आतली जमीन कसणाऱ्यांकडून सरकारी साऱ्याखेरीज भाताचा एक ठराविक हिस्सा दरसाल घेण्याचा हक्क त्याचा. सरकारही अशा नव्या बंदिस्तीस कौल देई, आरंभीची काही वर्षे सारा माफ करी, मग इस्ताव्याने, म्हणजे चढत्या दराने, तो पुऱ्या दस्तापर्यंत नेई. या रचनेतील मर्म माझ्या दृष्टीने असे की, अनुदान, मग ते साऱ्याच्या माफीच्या रूपाने का होईना, उभारणीसाठी होते, आणि निगेसाठी निराळे, कायमचे, दरसालचे उत्पन्न त्याच जमिनीवर बसवलेले होते. बांध फुटला तर शिलोत्रीदाराचा हिस्सा बुडे. म्हणून बांध फुटू नये यात त्याचा स्वार्थ होता. गोव्यात गावकऱ्यांनी, ज्यांना पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद हे नाव मिळाले, खाजन शेतीचे बांध आणि मानशी, म्हणजे बांधातील पाण्याची दारे, अशाच सामुदायिक निगेने शतकानुशतके राखल्या. मानशीवरील मासेमारीच्या लिलावाचे उत्पन्न त्यांना होते.

आणि ही व्यवस्था मोडली ती उगाच मोडली नाही. खारपट्ट्यातील कुळांची जी पिळवणूक खोत-सावकारांनी केली तिच्याविरुद्ध १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी पडीक ठेवून जो संप केला, तो या देशातील कूळ-चळवळीच्या इतिहासातील मानाचा अध्याय आहे. १९४८ साली मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने त्याची नवी आवृत्ती काढली, आणि बांधांची चिंता सरकारी खात्याकडे आली. गोव्यातही मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या हाती अधिकार गेला व बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. हक्काची वाटणी न्याय्य झाली. निगेची वाटणी मात्र त्या न्यायातून निसटली. कुलाब्यात खात्याच्या तुटपुंज्या तरतुदीवर बांध लोंबकळत राहिले. गोव्यात कुळांच्या संघांपैकी अनेकांना भाताहून मानशीची मासळी किफायतशीर वाटू लागली आणि खारे पाणी शेतात येऊ देण्यातच काहींचा लाभ दिसू लागला. ज्यांनी जुलमी मध्यस्थ हटविला त्यांनी त्याचे काम कोण करणार हे ठरविले नाही, ही चूक माझ्या मते त्या सुधारणेतील एकमेव मोठी चूक होय. समुद्रकिनाऱ्याच्या बंधाऱ्यांच्या बाबतीत आपण तीच चूक अधिक खर्चाने करीत आहोत. खारबांधाला निदान एक जुना धनी होता. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला पहिल्या दिवसापासून धनी नाही. बांधणारे खाते तो बांधून मोकळे होते, ग्रामपंचायतीच्या ताब्यात तो जात नाही, आणि त्यातून कोणाला दरसाल काही मिळत नाही की कोणाचे काही बुडत नाही.

या ठिकाणी एक आक्षेप येईल व तो मोठ्या वजनाचा आहे. मालवण तालुक्यातील देवबाग गाव एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तेथील माणसाला आषाढातल्या उधाणाच्या रात्री वाळूच्या वाटचालीवर व्याख्यान देणे हे क्रौर्य आहे. त्याला दगड पाहिजेत, आणि ते आज पाहिजेत. हे मी मान्य करतो, आणि अशा ठिकाणी बंधारा घालावा, चांगला घालावा, असेच म्हणतो. परंतु त्याच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापणकरांचे जे संघ आहेत त्यांचेही ऐकले पाहिजे. रापणीचे जाळे किनाऱ्यावर ओढावयाचे तर दोरांच्या दोन्ही टोकांशी माणसे उभी राहण्यास मोकळी, उतरती पुळण लागते; होडी पावसाळ्यापूर्वी वर ओढून घ्यावयाची तर वाट लागते; सुकी मासळी वाळत घालावयाची तर जागा लागते. बंधारा घर वाचवितो आणि ज्या धंद्यावर ते घर चालते त्याची जागा काढून घेतो. एका अंदाजपत्रकातही या हानीसाठी रकाना नसतो, कारण पुळण कोणाच्या खातेउताऱ्यावर नसते. जी वस्तू कोणाच्या नावावर नाही तिचे नुकसान हिशेबात येत नाही, हा महसुली हिशेबाचा फार जुना दोष आहे.

उलट ज्यांच्या नावावर जमीन आहे असे नवे लोकही किनाऱ्यावर आले आहेत. अलिबाग, मुरूड, दापोली, तारकर्ली येथे समुद्राकडे तोंड करून जी निवासस्थाने व बंगले गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उठले त्यांच्यापुढच्या बंधाऱ्यासाठी यवतमाळच्या शेतकऱ्याने भरलेल्या कराचा पैसा का जावा, हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पण तो विचारला पाहिजे. १९४६ च्या अमेरिकी कायद्याने सार्वजनिक व खाजगी किनारा असा जो भेद केला त्यात निदान या प्रश्नाची जाणीव होती. इंग्लंडात दुसऱ्या टोकाचा अनुभव आला. तेथे १९४९ च्या किनारा संरक्षण कायद्याने स्थानिक मंडळांना बांधकामाचा अधिकार दिला आणि सरकारने त्यांना अनुदान दिले. पुढे अनुदानास लाभ-खर्चाची कसोटी लागली, आणि नॉर्फोकमधील हेझबरोसारख्या लहान गावापुढचे लाकडी अडसर मोडले तेव्हा वाचणाऱ्या घरांची किंमत बांधकामाच्या किमतीहून कमी ठरल्यामुळे नवे बांधण्यास पैसा मिळाला नाही. गरिबाच्या घराची किंमत कमी, म्हणून त्याला संरक्षण नाही, असा तो हिशेब झाला. तरीपण त्या सरकारला पुढे एक गोष्ट सुचली ती विचार करण्याजोगी आहे: २००९ नंतर त्याने पंधरा स्थानिक मंडळांना मिळून सुमारे अकरा दशलक्ष पौंडांचे अनुदान अशा कामांसाठी दिले की ज्यांत भिंत नव्हती, आणि त्यातून हेझबरोच्या कड्यावरील काही धोक्यातली घरे विकत घेऊन तेथील कुटुंबांना दूर जाता आले. रक्कम फार मोठी नव्हती. पण हटून जाणे हेही संरक्षणाचे एक काम आहे व त्यालाही सरकारी पैसा मिळू शकतो, हे त्यामुळे लेखी नमूद झाले.

आपल्या पंधराव्या वित्त आयोगानेही धूप रोखण्याच्या १,५०० कोटींखेरीज धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची वेगळी तरतूद सुचविली, ही माझ्या मते त्या अहवालातील सर्वांत दूरदर्शी ओळ होय, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. ओडिशातील सातभायाच्या लोकांना, ज्यांची गावे एकामागून एक समुद्रात गेली, बागापाटिया येथे नेऊन वसविण्याचे काम राज्य सरकारने हाती घेतले तेव्हा ते आपल्या देशात जवळजवळ एकटेच उदाहरण होते. कोकणातील माणूस सहजासहजी हलणार नाही. त्याचे देवस्थान, त्याची माडबाग, त्याची होडी किनाऱ्यावर आहे. त्याला हलवावे असे मी म्हणत नाही. ज्याला हलावयाचे आहे त्याला सरकारकडून दगड मिळतो आणि जागा मिळत नाही, एवढेच माझे गाऱ्हाणे आहे.

मग अनुदानाला नवी घडण द्यावयाची ती कशी? हॉलंडने १९९० साली ठरविले की, त्या वर्षीची किनाऱ्याची रेषा हीच आधाररेषा धरावी, आणि जेथे ती मागे सरकेल तेथे समुद्रतळाची वाळू आणून टाकावी. २००१ पासून तो देश दर वर्षी सरासरी सव्वा कोटीच्या जवळपास घनमीटर वाळू अशी घालतो. हॉलंडचा पैसा आपणाजवळ नाही, आणि आपला मोसमी समुद्र त्यांच्या समुद्रासारखा नाही. शिवाय आपल्या खाड्यांतून वाळूचा जो बेसुमार उपसा होतो तो थांबविल्यावाचून वाळू विकत घेऊन समुद्राला घालणे हास्यास्पद होईल. घेण्यासारखे आहे ते त्या व्यवस्थेचे लेखाशास्त्र. तेथे किनाऱ्यावरचा खर्च दरसालच्या निगेचा खर्च समजला जातो. कोकणात घर कसे टिकत आले? पूर्वजांनी भिंती दगडाच्या घातल्या म्हणून ते टिकले खरे, पण दर वैशाखात घर शाकारले म्हणूनही टिकले, आणि शाकारणीचा खर्च कोणी घरबांधणीच्या खर्चात मिळविला नाही की तो आला म्हणून आश्चर्य केले नाही. पुळणीलाही शाकारणी लागते. सुरूची व केवड्याची पट्टी राखणे, मर्यादावेल उपटू न देणे, जेथे बंधारा आहे तेथे पायथ्याचे दगड दर दोन वर्षांनी पुन्हा रचणे, खाडीच्या मुखात साचलेली वाळू उचलून विकण्याऐवजी धुपणाऱ्या बाजूस टाकणे, आणि सर्वांआधी, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ठराविक खुणांपासून पुळणीची मोजणी करून ती नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवणे, ही कामे स्वस्त आहेत, गावात होण्यासारखी आहेत, आणि त्यांच्यापैकी एकालाही आजच्या लेखाशीर्षांत सुखाने शिरता येत नाही. २०१० साली आशियाई विकास बँकेच्या कर्जसाहाय्याने कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या राज्यांसाठी जो किनारा संरक्षणाचा कार्यक्रम आखला गेला त्यात वाळूभरण आणि पाण्याखालचे अडसर यांसारख्या मृदू उपायांचा पुरस्कार होता. उल्लाळ व रत्नागिरीजवळचा मिऱ्या ही त्यातील प्रमुख ठिकाणे. विचार नवा होता, पण पैसा कर्जाऊ प्रकल्पाचा होता, आणि प्रकल्पाला समाप्तीची तारीख असते. वाळूभरणाला समाप्तीची तारीख घालणे म्हणजे ते न करण्यासारखेच आहे.

अनुदानाची सीमा वाळूच्या एका वाटचालीपुरती, म्हणजे ढोबळपणे एका भूशिरापासून दुसऱ्या भूशिरापर्यंत, धरावी. आणि कोकणात भूशिरे इतकी स्पष्ट आहेत की हे काम येथे केरळापेक्षा सोपे आहे. दोन भूशिरांमधल्या सर्व ग्रामपंचायती मिळून अनुदानाची एकच मागणी करतील, ज्या गावाच्या बंधाऱ्यामुळे शेजारच्या गावाची पुळण जाण्याचा संभव आहे त्याला शेजाऱ्याची संमती लागेल, आणि मिळालेल्या रकमेचा एक भाग मुदतठेवीसारखा बाजूस राहून त्याचे व्याज निगेसाठीच खर्च करता येईल, असा नियम करावयास नवा कायदा लागत नाही. शासननिर्णय पुरेसा आहे. निसर्ग वादळाने ३ जून २०२० रोजी अलिबाग-श्रीवर्धनची जी धूळधाण केली तीनंतर राज्याने कोकणासाठी आपत्ती सौम्यीकरणाचा मोठा कार्यक्रम आखला व त्यात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांनाही स्थान दिले; म्हणजे पैसा येतो आहे, आणि साचा ओला आहे तोवरच तो बदलता येईल. बंगल्यांपुढच्या बंधाऱ्यास मालकांकडून जुन्या शिलोत्रीप्रमाणे दरसाल पट्टी घ्यावी, ती त्याच भूशिरांमधल्या निधीत जमा व्हावी, आणि रापणकरांच्या संघाला त्या निधीच्या कारभारात हक्काची जागा असावी. त्या संघात वाटे कसे घालावेत, आजारी माणसाचा वाटा कसा राखावा, दोराच्या दुरुस्तीसाठी वाटणीपूर्वीच किती रक्कम काढून ठेवावी, याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत, आणि मंत्रालयातील वित्त विभागाने एखादा अधिकारी त्या वाटणीच्या दिवशी पुळणीवर पाठविला, तर निगेचे शीर्ष उभारणीच्या शीर्षापासून वेगळे कसे ठेवावयाचे याचा तयार नमुना त्याला तेथे मिळेल.